धुऱ्याचं पान

पानाचा नंबर सांगणाऱ्या माणसाकडे सर अशा नजरेनं बघायचे, की आपणच काहीतरी वावगं बोललो असं त्याला वाटावं. मी शाळेत नवी होते. स्टाफरूममध्ये सहज म्हणून गेले, "सर, माझं पुस्तक साठाव्या पानापर्यंत झालं." सर फुटाणे खात होते. ते चावायचे थांबले.

"साठाव्या पानावर कोण आहे जी?"

"कोण म्हणजे?"

"कोण बोलून राह्यलं तिथी? कोण उभं आहे, कोण बसलं आहे? का कोणीच नाई, नुसता साठ आहे?"

खरं तर मी दुपारी वाचता वाचता पेंगले होते आणि उठल्यावर आकडा तेवढा बघितला होता.

"पानाचा आकडा पुस्तक शिवणाऱ्यासाठी असते, बाई," सर म्हणाले. "तुमचे अब्बा कापडावर खडूनं खुणा करतात न? सदरा अंगात घातल्यावर तुमी त्या खुणा मोजता का?"

अब्बांचं बल्लारपूरला टेलरिंगचं दुकान आहे, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. माझ्या सदऱ्याची काजं बघून त्यांनी ते ओळखलं होतं म्हणे. ओळखलं तर ओळखलं, पण नव्या माणसाला असं चारचौघांत खिंडीत पकडायची काही गरज होती का? मला भारी राग आला. त्या पहिल्या वर्षात मला सरांचा राग यायचा नाही असा आठवडा गेला नसेल.

आमची शाळा एटापल्लीच्या अलीकडे, जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर. मागे वसतिगृह, पुढे हातपंप, आणि बाजूला मोहाचं एक झाड. फुलं गळायच्या दिवसांत निम्मा वर्ग त्या झाडाखाली वेचत बसलेला असायचा आणि निम्मा तिकडे बघत. मी बल्लारपूरची, रेल्वेच्या भोंग्यावर उठणारी आणि कागद कारखान्याच्या वासात वाढलेली. तिथून थेट इथे. सुरुवातीला रोज रडायची. एकदा सरांनी विचारलं म्हणून तसं सांगितलं, तर म्हणतात कसे, "रडा न. पण हे प्रकरण लहान ठेवजा." एवढंच बोलून माणूस पंपावर हात धुवायला गेला. सांत्वन असंही करता येतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

सर मराठी शिकवायचे. गाव ब्रह्मपुरीकडचं. उंच, वाळकुडे, मान थोडी पुढे काढून चालणारे. सदऱ्याच्या खिशात इतरांच्या पेन असतो, यांच्या दाभण. टोचू नये म्हणून टोकाला बुचाचा तुकडा. दुसऱ्या खिशात दोऱ्याचं रीळ. अंगाला कायम खळीचा वास, कारण मैद्याची खळ ते स्वतः शिजवायचे, आणि शिजवायचे त्याच पातेल्यात, ज्यात सकाळी चहा व्हायचा. त्यांच्या चहाला मी पहिल्या दिवशी नको म्हणाले ते शेवटपर्यंत.

बोलता बोलता उठून जायची त्यांना खोड होती. गप्पा अगदी रंगात आल्या की म्हणायचे, "हे प्रकरण इथी संपलं," आणि चालू पडायचे. हेडमास्तरांच्या मीटिंगमध्येसुद्धा तसंच. घरचं काही विचारलं तर, "ते दुसऱ्या प्रकरणात आहे." ते दुसरं प्रकरण आम्हाला कधी ऐकायला मिळालं नाही. ब्रह्मपुरीला एक मोठी बहीण आहे आणि ती दिवाळीला चकल्यांचा डबा पाठवते, एवढंच काय ते ठाऊक. चकल्या मात्र फार चांगल्या असायच्या.

आता मुख्य गोष्ट. सर पुस्तकं फाडायचे.

मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हबकलेच. व्हरांड्यात सतरंजी टाकून बसले होते, मांडीवर लायब्ररीचं कोरं पुस्तक, आणि ब्लेडनं पाठीचा दोरा कापत होते. कोंबडी सोलणारा माणूस जितक्या निवांतपणे बसतो तितक्या निवांतपणे. आमच्या घरात पुस्तकाला पाय लागला तर हात लावून कपाळाला लावायची रीत. मी म्हणाले, "सर, हे काय करताय?"

"उसवून राह्यलो."

"सरकारी पुस्तक आहे."

"म्हणूनच तं. घरचं असतं तं घरच्यांनी वाचलं असतं."

झालं होतं असं, की शाळेच्या पुस्तकांचं एक लोखंडी कपाट होतं आणि ते हेडमास्तरांच्या खोलीत कायम कुलपात असायचं. दरवर्षी पुस्तकं येत, त्यांवर शिक्के बसत, आणि ती कपाटात जात. पोरांना दिली तर हरवतात, हरवली तर जाब द्यावा लागतो, त्यापेक्षा देऊच नयेत, असा सरळ हिशेब. सरांनी लायब्ररीचं काम मागून घेतलं, कारण ते कोणालाच नको होतं, आणि पहिल्याच आठवड्यात कपाटाचं कुलूप काढून हातपंपाच्या दांड्याला लावून टाकलं. तो दांडा सारखा निसटायचा.

पण पुस्तक एक आणि वाचणारा वर्गभर. एकाला दिलं की बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. पोरं सुटीत आपापल्या गावी जायची, नाल्याला पूर आला की पुस्तक तिकडेच अडकायचं. म्हणून सरांनी पुस्तकांची प्रकरणं सुटी केली. प्रत्येक प्रकरण वेगळं शिवलं, वर साबणाच्या नाहीतर चहाच्या खोक्याचा पुठ्ठा चढवला. एका पुस्तकाचे असे पुष्कळ भाग, आणि एकाच वेळी तितकी पोरं ते पुस्तक वाचताहेत. कोणाकडे मधला भाग, कोणाकडे शेवटचा. नंतर अदलाबदल.

"हरवलं तं एक प्रकरण हरवन," सर म्हणायचे. "पुस्तक नाई हरवत."

पोरांनी भागांना पुठ्ठ्यावरून नावं पाडली होती. चहावाला, बिस्किटवाला, साबणवाला. "सर, माहा साबणवाला झाला, आता चहावाला द्या न जी," असं एखादं पोरगं म्हणायचं, आणि नवा माणूस समजायचा की शाळेत किराणा वाटतात.

यात एक अडचण होती, आणि सरांचा सगळा वेडेपणा त्या अडचणीतूनच वाढलेला. प्रकरण संपतं तिथं पान संपत नाही. पानाच्या अर्ध्यात एक प्रकरण आटोपतं, आणि खाली चार बोटं जागा सोडून त्याच पानावर दुसरं सुरू होतं. मग ते पान कोणत्या भागात शिवायचं? सर त्याला धुऱ्याचं पान म्हणायचे. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. तो दोघांचा असतो आणि एकट्याचा कोणाचाच नसतो.

त्यांनी नेम केला होता. धुऱ्याचं पान आधीच्या भागाला जोडलेलं राहील. पुढचा भाग ज्याच्याकडे आहे, त्यानं आधीच्या भागवाल्याकडे जायचं, दोघांनी शेजारी बसून ते पान वाचायचं, आणि पुढच्यानं आपल्या प्रकरणाच्या पहिल्या ओळी हातानं उतरवून घ्यायच्या. तेवढ्यात आधीच्यानं मागची गोष्ट सांगायची, पुढच्यानं पुढची. असा धुरा झाल्याशिवाय कोणीही आपला भाग परत करायचा नाही. मुलगा एका गावचा, मुलगी दुसऱ्या गावची, एरवी एकमेकांशी कधी बोलली नसती, ती व्हरांड्यात एका पानावर वाकून भांडायची. "तुह्यावाला राजा तं मरते पुढं." "तुले कोणी सांगाले सांगितलं बे?"

काही पुस्तकांत प्रत्येक प्रकरण नव्या कोऱ्या पानावर सुरू व्हायचं, मागचं अर्धं पान मोकळं सोडून. अशी पुस्तकं सरांना सहन व्हायची नाहीत. "धुराच नाई ठेवला," म्हणून ते छापणाऱ्याला मनापासून शिव्या घालायचे. तसंच डिंकानं चिकटवलेल्या, उसवायला दोराच नसलेल्या पुस्तकांचं. आणि वाचताना कुठं थांबायचं यावर तर त्यांचं मत इतकं पक्कं होतं, की एकदा वर्गात गोष्ट वाचताना घंटा झाली, गोष्टीतला माणूस नदी ओलांडत होता, आणि सर काही थांबेनात. पोरांचा चहा निवला. स्वयंपाकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, "सर, सोडा न पोराईले." सरांनी पुस्तकातून मान वर न काढता हात दाखवला. माणूस पलीकडच्या काठाला लागला तेव्हाच पुस्तक मिटलं. म्हणाले, "पाण्यात अर्ध्यावर कोणाले ठेऊन पुस्तक बंद करायचं नाई. तो तिथीच राहते न मंग."

त्या गोष्टीतल्या माणसाची काळजी करताना पोरांच्या पोटाची काळजी कोणी करायची, असं मी त्यांना ऐकवलं. ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं.

मी विज्ञान शिकवायची. मला यात पडायचं कारण नव्हतं. पण सरांचा टाका इतका ढिसाळ असायचा, की बघून माझ्या हाताला खाज सुटायची. एक दिवस मीच दाभण ओढून घेतलं. "द्या इकडे, गोधडी आहे का ती?" दोरा मेणातून ओढून घ्यायचा, गाठ आतल्या बाजूला लपवायची, हे मी त्यांना शिकवलं. अब्बांनी बल्लारपुराहून पक्क्या दोऱ्याची रिळं पाठवली. मग संध्याकाळी व्हरांड्यात आम्ही दोघं शिवत बसायचो. ते दिवस आठवले की अजून मला बरं वाटतं. रस्त्यावरून एटापल्लीची शेवटची बस जायची, धूळ बसायची, वसतिगृहातून भाताचा वास यायचा, आणि सर कुठल्यातरी गोष्टीचं अर्धंच सांगून उठून जायचे.

एका जाडजूड कादंबरीचा शेवटचा भाग त्यांनी मला वाचायला दिला. मागचं काही वाचलेलं नाही, एकदम शेवट. मी म्हणाले, "हे काय सर?" तर म्हणाले, "शेवट माहीत असला म्हणजे घाई राहत नाई." एका नावाड्याची गोष्ट होती. त्याचा धाकटा भाऊ भांडून घर सोडून गेलेला. म्हातारा होऊन परत आलेला तो शेवटच्या प्रकरणात पलीकडच्या काठावरून हाका मारतो, नावाडी ऐकतो, आणि नाव सोडत नाही. बस, तिथं कादंबरी संपते. माझा भाग वाक्याच्या अर्ध्यात सुरू व्हायचा, कारण धुऱ्याचं पान आधीच्या भागात. आधीचा भाग, म्हणजे साबणवाला, शेवंता नावाच्या मुलीकडे होता. तिचे वडील तळ्यात मासे धरायचे. पोरगी वर्गात गप्प, पण पुस्तक हातात आलं की कोणाची नाही. तिचा आणि माझा धुरा व्हायचा राहिला होता, परीक्षा आल्या, मग सुटी लागली.

त्याच उन्हाळ्यात नवे हेडमास्तर आले. माणूस वाईट नव्हता, पण भित्रा होता. त्यांनी कपाट उघडलं, आत साबणाची खोकी बघितली, आणि त्यांना घाम फुटला. त्यांनी वर कळवलं. वरून निरोप आला, की महिनाअखेरीस साहेब तपासणीला येतील. पुस्तकं अखंड सापडली तर ठीक, नाहीतर कपाट सील होईल. त्याच महिनाअखेरीस सर रिटायर होणार होते. पुढं कपाट मी सांभाळायचं असं आमचं ठरलं होतं. सील झालं असतं तर सांभाळायला काही राहणारच नव्हतं.

सरांनी एटापल्लीच्या बाजारात निरोप सोडला. बाजाराला सगळी गावं येतात. पुढच्या आठवड्यात भाग यायला लागले. कोणी सायकलवर आणून दिले, कोणाच्या आईनं टोपलीत मिरच्यांखाली घालून आणले. तेंदूपत्त्याचे दिवस होते, घराघरांत बिडीच्या पानांचे पुडे बांधणं चाललेलं, त्यामुळे पोरांनी भागसुद्धा पळसाच्या वाकानं, म्हणजे सालीच्या दोरानं, पुड्यांसारखेच बांधले होते. आम्ही दोघं शिवत होतो. एकेक पुस्तक अखंड होऊन कपाटात जात होतं. सर प्रत्येक पुस्तक शिवून झालं की त्याच्या पाठीवर थाप मारायचे, निरोप दिल्यासारखी.

सगळे आले. साबणवाला आला नाही.

शेवंता घरच्यांबरोबर तेंदूच्या फळीवर गेली होती. फळी म्हणजे जंगलातली मोकळी जागा, जिथं पुडे आणून मोजून वाळत घालतात. साहेब दुपारी येणार, त्या दिवशी सकाळी हे कळलं. कादंबरीचा शेवटचा भाग तसाच सुटा कपाटात ठेवून मी स्कूटी काढली. सर मागे. लांब पाय दोन्हीकडे पसरलेले, एक हात दाभणाच्या खिशावर, दुसरा माझ्या पर्सच्या पट्ट्याला. जंगलातल्या त्या रस्त्यावर आम्ही कसे पोचलो ते माझं मला माहीत. सर पूर्ण वाटभर एकच बोलले, "बाई, झाडाले नका धडकू."

फळीवर ऊन रणरणत होतं. जमिनीवर पुड्यांच्या ओळीच ओळी, आणि शेवंता ओणवी होऊन पुडे उलटे करत होती. आम्हाला बघून पदर... नाही, ओढणी सावरत धावत आली. तिनं झाडाला टांगलेल्या पिशवीतून साबणवाला काढून दिला. कुठं डाग नाही, कोपरा दुमडलेला नाही. मी म्हणाले, चला, झालं. स्कूटीला चावी लावली.

सर जागचे हलले नाहीत. "धुरा झाला का याचा?" त्यांनी विचारलं.

"नाई जी," शेवंता म्हणाली. "पुढचा भाग कोणापाशी आहे तेच मालूम नोतं मले. त्यो परत आला, सर, भाऊ त्याचा. काठावर उभा आहे. मंग?"

"पुढचा या बाईंपाशी होता. बसा."

"सर," मी म्हणाले, "जीप निघाली असेल."

"येऊ द्या न."

"अहो कपाट सील करतील!"

"बसा, बाई."

काय बोलायचं अशा माणसाला? मी बसले. मोहाच्या सावलीत, मांडीवर पान घेऊन, शेजारी घामानं निथळणारी पोरगी. आम्ही धुऱ्याचं पान वाचलं. वर तिच्या प्रकरणाच्या शेवटच्या ओळी, मधे मोकळी जागा, खाली माझ्या प्रकरणाच्या पहिल्या ओळी, ज्या मी कधीच वाचल्या नव्हत्या. इतके महिने अर्ध्यात सुरू होणारं माझं वाक्य त्या दिवशी पुरं झालं. वाक्य साधंच होतं. नदीला पाणी किती आहे त्याबद्दल. तिनं मला मागची सगळी गोष्ट सांगितली, भावांचं भांडण कशावरून झालं ते, आणि मी ऐकत राहिले. जीप मी खरंच विसरले.

"आता तुमी सांगा बाई. नाव सोडली का त्यानं?"

"नाही सोडली."

"काऊन?"

मला काय माहीत काऊन. मी सरांकडे बघितलं. सर तेंदूच्या पुड्यांकडे बघत होते.

आम्ही परतलो तेव्हा जीप फाटकातून बाहेर निघत होती. सरांनी हात करून थांबवली, साबणवाला पुढे केला. साहेब सभ्य होते. म्हणाले, "मास्तर, आता लिहून झालं. एक पुस्तक अपूर्ण, बाकीची फाडून शिवलेली. मी काय करू?" कपाटाला पांढऱ्या कापडाची पट्टी आणि लाखेचा ठसा लागला होता. हेडमास्तर कोणाच्याच नजरेला नजर देईनात.

मी सरांवर तोंड सोडलं. हो, सोडलंच. म्हणाले, "एका पानासाठी तुम्ही सगळं घालवलंत. अर्धा तास आधी आलो असतो तर वाचलं असतं सगळं. आता बसा तुमचे नेम पाळत." व्हरांड्यात उभी राहून मी बोलत होते आणि रडत होते.

सर पायरीवर बसले. खिशातून दाभण काढलं, बुच नीट बसवलं, परत ठेवलं.

"तिनं विचारलं होतं न बाई, मंग काय झालं म्हणून," ते म्हणाले. "जीपसाठी तिले पाण्यात अर्ध्यावर ठेऊन येऊ का?"

त्यांनी साबणवाला माझ्या हातात दिला. "हा आता कपाटात नाई अन् कागदावरही नाई. तिले नेऊन देजा. म्हणा, फिरव." मग उठले. "हे प्रकरण इथी संपलं."

शाळा उघडल्यावर मी तो भाग शेवंताला दिला. सर ब्रह्मपुरीला गेले. पुढे माझी बदली झाली, लग्न झालं, नवरा वीज केंद्रात म्हणून ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहायला आले. कपाट सील ते सीलच. नंतरच्या हेडमास्तरांनी त्यावर नोटीस बोर्ड टेकवून ठेवला, असं कोणीतरी सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात प्रशिक्षणाच्या निमित्तानं एटापल्लीला जाणं झालं. बाजारात कोणीतरी हाक मारली, "बाई!" शेवंता. आता अंगणवाडीत आहे, कडेवर पोर. मला घरी नेलं, चहा केला, आणि भिंतीवरच्या फळीवरून एक गठ्ठा काढून समोर ठेवला. आधी मला कळेना. मग मधे साबणाच्या पुठ्ठ्याची कड दिसली.

तो भाग गावोगाव फिरला होता. कपाट बंद, दुसरं पुस्तक नाही, हा एकच भाग, मागचं पुढचं काही नाही. पोरांना मात्र नेम माहीत होता, मोठ्या भावंडांकडून ऐकलेला. धुरा पाहिजे. पुढचा भागवाला नाही, मागचा भागवाला नाही, मग धुरा कोणाशी करायचा? तर त्यांनी वहीच्या कागदांवर मागचे भाग लिहिले, पुढचे लिहिले, आणि शिवून जोडले. भावांच्या लहानपणाचं एकानं लिहिलं, त्यांच्या आईचं दुसऱ्यानं. एकानं तर नदीत मासे कोणकोणते होते तेवढंच लिहिलं. छापलेला भाग मधे बारीकसा, आणि दोन्ही बाजूंनी हातानं लिहिलेलं एवढं, की गठ्ठा उशीएवढा झालेला.

"शेवट तुमी सांगितला तोच मी सांगितला होता पोराईले," शेवंता म्हणाली. "पण आयकतच नाई. म्हणे, असं कसं? लिहू द्या म्हणे आमाले." मग म्हणाली, "आता लई जाड झालं बाई. कोणी नेत नाई घरी. फळीवरच पडून राह्यते. सरांले दाखवता का?"

मी घरी न जाता तशीच बसनं ब्रह्मपुरीला गेले. दार बहिणीनं उघडलं. सर पलंगावर बसले होते, आणखी वाळलेले. डोळ्यांनी आता दिसत नाही फारसं. आवाजावरून ओळखलं. "टेलरबाई," म्हणाले. हे नाव त्यांनी मला कधी दिलं होतं ते मला माहीतच नव्हतं.

गठ्ठा मांडीवर ठेवला. त्यांनी पानं चाळली नाहीत. पाठीवरून बोट फिरवलं, टाके चाचपले. "गाठ आतून आहे," म्हणाले. मग मी शेवट वाचून दाखवला. धाकटा भाऊ पलीकडच्या काठावरून हाका मारतो. नावाडी ऐकून न ऐकल्यासारखं करतो. मग मोठ्या, वाकड्या अक्षरांत कोणीतरी लिहिलं होतं, की नावाड्याची नात जाऊन दोर सोडते, आणि म्हातारा ओरडत ओरडत वल्हं हातात घेतो, कारण पोरीला एकटीला कसं जाऊ देणार.

बहिणीनं चकल्या आणून ठेवल्या.

"हा चांगला आहे," ते म्हणाले. "पुस्तकातला मले कधी पटलाच नोता."

मग त्यांनी गठ्ठा हातात तोलला. "कोणापाशी होतं हे?"

"शेवंताकडे. आता घरातल्या फळीवरच असतं म्हणाली. जाड झालं म्हणून कोणी नेत नाही."

"मंग पाहून काय राह्यल्या, बाई?" सर बहिणीकडे वळले. "ब्लेड दे वं यांले. उसवा ते."

"अख्खं?"

"अख्खं कोण वाचते?"

मी ब्लेड घेतलं. विचारलं, "कुठून कापू, सर?" आणि विचारता विचारताच मला उत्तर कळलं होतं, म्हणून ते बोलायच्या आत मी पानं उलटायला लागले. त्या शेवटाच्याही पुढे, दुसऱ्या कोणाच्या अक्षरात, नाव परत येत होती. म्हातारा वल्हवत होता, धाकटा भाऊ समोर बसला होता, दोघंही एकमेकांशी बोलत नव्हते. मी पुढे वाचत गेले. धाकट्यानं अलीकडच्या काठावर पाय ठेवला, तिथं थांबले, आणि दोरा कापला.